विंडोजचं सर्च चालत नाहीये? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघून घ्या

फाईल पीसीवर आहे हे तुम्हाला पक्कं माहितीये, परवाच सेव्ह केलीये, आणि नाव टाकलं की विंडोज म्हणतं काहीच सापडलं नाही. किंवा टास्कबारवरच्या सर्चवर क्लिक केलं की नुसता रिकामा चौकोन उघडतो, त्यात ना काही दिसतं ना काही टाइप होतं. मग माणूस वैतागून मशीन उचलून दुकानात नेतो आणि तिथे बऱ्याचदा एकच उत्तर मिळतं, विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारावं लागेल. मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं, कारण सर्च बिघडलं म्हणून फॉरमॅट मारायची वेळ फार कमी वेळा येते आणि फॉरमॅटमध्ये लोकांचे वर्षानुवर्षांचे हिशोब, मुलांचे फोटो, टॅलीचा डेटा, मराठी फॉन्ट सगळं जातं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय. विंडोज १० आणि ११ दोन्हीला चालेल, फरक आहे तिथे सांगेन.

सगळ्यात आधी एक ठरवा, तुमचं नक्की कुठलं सर्च बंद आहे? टास्कबारवरचं किंवा स्टार्ट मेनूचं सर्च वेगळं, फाईल एक्सप्लोररच्या वरच्या कोपऱ्यातलं सर्च वेगळं, आणि फाईलच्या नावाने सापडतंय पण आतल्या मजकुराने सापडत नाही ही तिसरीच तक्रार. तिन्हीचे उपाय वेगवेगळे आहेत. लोक इथेच चुकतात, यूट्यूबवर दिसेल तो उपाय करत सुटतात आणि चांगलं चाललेलं पण बिघडवून ठेवतात.

आधी टास्कबारवालं घेऊ. पहिलं काम म्हणजे रीस्टार्ट. शट डाऊन करून परत चालू करणं नाही, रीस्टार्टच. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय असते आणि ती चालू असेल तर शट डाऊन केल्यावर सिस्टीमचा आतला भाग पूर्ण बंद होत नाही, त्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरू होतं, म्हणजे अडकलेलं काहीतरी तसंच अडकलेलं परत येऊ शकतं. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने चालू होतं.

रीस्टार्टने नाही झालं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात विंडोज ११ वर सर्चहोस्ट आणि विंडोज १० वर सर्च किंवा सर्चॲप अशा नावाची प्रोसेस दिसेल, तिच्यावर राइट क्लिक करून एंड टास्क करा. घाबरू नका, सर्चवर परत क्लिक केलं की ती आपोआप नव्याने सुरू होते. त्याच यादीत विंडोज एक्सप्लोरर पण आहे, त्याला रीस्टार्ट म्हणा, टास्कबार क्षणभर गायब होऊन परत येईल.

चौकोन उघडतोय पण त्यात अक्षरच उमटत नाहीये असं असेल तर तो वेगळा आजार आहे. सीटीएफमॉन नावाचा एक छोटा प्रोग्राम असतो, टायपिंग आणि भाषा बदलणं हे त्याच्याकडे असतं, आणि तो चालू नसेल तर सर्चमध्ये टाइप होत नाही. आपल्यासारख्या मराठी-इंग्रजी कीबोर्ड अदलाबदल करणाऱ्यांना हे लवकर कळतं, कारण बऱ्याचदा त्याच वेळी टास्कबारवरचं भाषेचं चिन्हपण गायब झालेलं असतं. सी ड्राइव्हमधे विंडोज फोल्डर, त्यात सिस्टीम३२ फोल्डर, तिथे सीटीएफमॉन शोधा आणि डबल क्लिक करा. स्क्रीनवर काही दिसणार नाही, पण टायपिंग चालू होईल. हे करूनही प्रत्येक रीस्टार्टनंतर परत बंद होत असेल तर कुठल्यातरी क्लीनर सॉफ्टवेअरने किंवा स्टार्टअप कमी करायच्या नादात ते बंद केलं गेलंय असं समजा.

आणि चौकोन पूर्ण रिकामाच येत असेल तर एकदा वाय-फाय बंद करून बघा. कारण टास्कबारचं सर्च फक्त तुमच्या मशीनमध्ये शोधत नाही, ते बिंगकडे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट सर्चकडे पण जातं, आणि तिकडे गडबड झाली तर इथला चौकोन पांढरा पडू शकतो. ५ फेब्रुवारी २०२० ला हेच जगभर झालं होतं, विंडोज १० वाल्यांचं सर्च एकदम रिकामं यायला लागलं, लोकांनी किती काय काय उपाय करून बघितले, आणि बिघाड मायक्रोसॉफ्टच्या बाजूला होता, तो तिकडूनच दुरुस्त झाला. तर नेट बंद केल्यावर सर्च नीट चाललं, तर तुमच्या मशीनला हात लावू नका, व्हीपीएन असेल तर बंद करा, अँटिव्हायरसची फायरवॉल बघा, नाहीतर थोडा वेळ वाट बघा.

आता मुख्य गोष्ट, इंडेक्स. पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, कुठला शब्द कुठल्या पानावर, तसंच विंडोज तुमच्या फाईलींची एक सूची करून ठेवतं आणि सर्च करताना डिस्क न चाळता ती सूची बघतं. ही सूची म्हणजेच इंडेक्स, आणि ती करणारी सर्व्हिस, म्हणजे मागे आपोआप चालणारा प्रोग्राम, तिचं नाव विंडोज सर्च. ती बंद असेल तर सगळंच लंगडं होतं. आणि ती बंद असण्याचं एक मोठं कारण म्हणजे डिस्क १०० टक्के दिसतेय, पीसी फास्ट करा वगैरे व्हिडिओ, त्यात सरळ सांगतात की विंडोज सर्च डिसेबल करा. जुन्या हार्ड डिस्कवर त्याने थोडा फरक पडतोही, पण नंतर सहा महिन्यांनी सर्च चालत नाही तेव्हा आपणच ते बंद केलेलं कोणाच्या लक्षात नसतं.

बघायचं कसं? परत टास्क मॅनेजर, त्यात सर्व्हिसेस, यादीत डब्ल्यूसर्च शोधा, विंडोज सर्चचंच ते तिथलं नाव. स्टॉप्ड दिसतंय? तिथेच ओपन सर्व्हिसेस आहे, ते दाबा, विंडोज सर्च वर डबल क्लिक करा, स्टार्टअप टाइप ऑटोमॅटिक डिलेड स्टार्ट करा, ॲप्लाय करा आणि मग स्टार्ट दाबा. यादीत विंडोज सर्च मुळात नाहीच असं असेल तर तुमच्या मशीनवर कोणीतरी काटछाट केलेलं लाइट विंडोज टाकलेलं असू शकतं, जुन्या लॅपटॉपवर हे सर्रास टाकून देतात. त्यात सर्चच काढून टाकलेलं असेल तर खालचे बाकीचे उपाय करण्यात वेळ घालवू नका, मूळ विंडोज टाकून घ्या.

सर्व्हिस चालू आहे तरी सापडत नाही? मग सूचीत काय काय आहे ते बघायचं. सर्च बिघडलेलं असल्यामुळे ही सेटिंग सर्च करून उघडता येत नाही, म्हणून विंडोजचं बटण धरून आर दाबा, छोटी पट्टी उघडेल, त्यात इंग्रजीत कंट्रोल एवढंच लिहून एंटर. कंट्रोल पॅनल उघडेल, वर उजवीकडे व्ह्यू बाय लार्ज आयकॉन्स करा आणि इंडेक्सिंग ऑप्शन्स मध्ये जा. इथे वरच किती आयटम इंडेक्स झालेत आणि काम पूर्ण झालंय का ते लिहिलेलं असतं. युजर ॲक्टिव्हिटीमुळे स्पीड कमी आहे असं काही लिहिलं असेल तर तो बिघाड नाही, तुम्ही काम करताय म्हणून ते हळू चाललंय, मशीन चार्जिंगला लावून जेवायला जा.

त्याच खिडकीत खाली जागांची यादी असते आणि मला वाटतं आपल्याकडच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतील. विंडोज मूळात फक्त युजर्स फोल्डर आणि स्टार्ट मेनू इंडेक्स करतं, म्हणजे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स वगैरे. आणि आपण काय करतो, सी ड्राइव्ह उडाला तरी डेटा राहावा म्हणून सगळं डी आणि ई ड्राइव्हमध्ये ठेवतो! पीसी असेंबल करून देणारा पण पार्टिशन पाडून हेच सांगतो, आणि ते चांगलंच आहे, पण मग डी ड्राइव्ह सूचीत नाही. टास्कबारच्या सर्चमध्ये तिथलं सापडत नाही, आणि एक्सप्लोररमध्ये डी उघडून शोधलं तर हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत राहते कारण ते प्रत्येक फोल्डर उघडून बघतंय. उपाय सोपा आहे, मॉडिफाय दाबा, डी च्या समोर टिक करा, ओके करा आणि रात्रभर मशीन चालू ठेवा.

सेटिंगमध्ये एन्हान्स्ड नावाचा पर्याय पण आहे, विंडोज ११ ला प्रायव्हसी अँड सिक्युरिटी मध्ये सर्चिंग विंडोज किंवा नुसतं सर्च, विंडोज १० ला सर्च मध्ये. तो निवडला की पूर्ण पीसी इंडेक्स होतो. पण माझं मत विचाराल तर गरजेचे फोल्डरच टाका. मायक्रोसॉफ्टच सांगतं की साधारण ४ लाखांच्या वर आयटम गेले की सूची जड व्हायला लागते आणि १० लाख ही तिची मर्यादा आहे. फोटो स्टुडिओवाले किंवा ज्यांच्याकडे जुने बॅकअपवर बॅकअप पडलेत त्यांना हा आकडा गाठायला वेळ लागत नाही.

जागा बरोबर आहेत, सर्व्हिस चालू आहे, तरीही कालची फाईल सापडत नाही आणि डिलीट केलेल्या फाईली मात्र दिसतायत, तर सूची बिघडलीये. इंडेक्सिंग ऑप्शन्स मध्येच ॲडव्हान्स्ड, त्यात रीबिल्ड. याने तुमची एकही फाईल जात नाही, फक्त सूची पुसून नव्याने होते. अर्ध्या तासापासून कित्येक तासांपर्यंत कितीही वेळ लागू शकतो, फाईली किती यावर आहे, आणि तोपर्यंत सर्च अर्धवटच चालेल, त्यामुळे दहा मिनिटांनी बघून काही फरक नाही म्हणून परत रीबिल्ड दाबू नका, ते परत पहिल्यापासून सुरू होतं.

रीबिल्ड पण अडकत असेल तर सूचीची फाईलच बाजूला करायची. सर्व्हिसेसमध्ये विंडोज सर्च आधी डिसेबल करून मग स्टॉप करा, नुसतं स्टॉप केलं तर मध्येच परत चालू होऊ शकतं. मग सी ड्राइव्ह, प्रोग्रामडेटा (हे लपलेलं असतं, व्ह्यू मधून हिडन आयटम्स चालू करा), मायक्रोसॉफ्ट, सर्च, डेटा, ॲप्लिकेशन्स, विंडोज. आत विंडोज नावाचीच मोठी डेटाबेस फाईल असेल, विंडोज १० वर तिचं एक्स्टेन्शन ईडीबी, ११ वर डीबी. डिलीट करण्यापेक्षा नाव बदला, पुढे जुनी असं काहीतरी लावा. सर्व्हिस परत ऑटोमॅटिक डिलेड करून स्टार्ट करा, नवी फाईल तयार होईल. सगळं नीट चाललं की जुनी काढून टाका, काही जणांच्या मशीनवर ही एक फाईल कित्येक जीबी खाऊन बसलेली असते, ती जागापण मोकळी होईल.

आता आतला मजकूर. नाव टाकलं की फाईल येते पण फाईलमधला शब्द टाकला की येत नाही. इंडेक्सिंग ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, फाईल टाइप्स, तिथे डॉक, डॉक्स, पीडीएफ जे हवं ते निवडून खाली प्रॉपर्टीज अँड फाईल कंटेंट्स आहे का बघा. इंडेक्स न केलेल्या फोल्डरमध्ये शोधत असाल तर एक्सप्लोररमध्ये सर्च केल्यावर वर सर्च ऑप्शन्स येतात, त्यात फाईल कंटेंट्स ला टिक लागते. पीडीएफ स्कॅन केलेली असेल, म्हणजे सातबारा, जुनं खरेदीखत, फेरफार असं काही, तर तो नुसता फोटो आहे, त्यात अक्षरं नाहीतच, विंडोज ते वाचणार नाही. अशा फाईलींना नावच नीट द्यायची सवय लावा, गट नंबर, गाव, साल सगळं नावातच. वनड्राइव्हवर ढगाचं चिन्ह असलेल्या फाईलींचं पण तसंच, फाईल मशीनवर उतरलेली नाही तर आतला मजकूर सूचीत येत नाही, राइट क्लिक करून ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस करा.

आणखी एक, व्हॉट्सॲपवरून आलेली फाईल. पीसीवरच्या व्हॉट्सॲपमध्ये फाईल नुसती उघडली, प्रिंट मारली, बंद केली, सेव्ह ॲज केलीच नाही, तर ती अनेकदा ॲपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरच्या खोल आत पडलेली असते आणि ॲपडेटा विंडोज मूळातच सूचीत घेत नाही. मेलमधून थेट उघडलेल्या अटॅचमेंटचं पण असंच होतं, आणि त्यात बदल करून सेव्ह दाबलं की बदल त्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये जातात. इथे सर्चचा काहीच दोष नाही. चॅटमध्ये किंवा मेलमध्ये परत जाऊन सेव्ह ॲज करा, बदल केले असतील तर वर्ड किंवा एक्सेलच्या रीसेंट यादीतून तीच कॉपी उघडून नीट जागी ठेवा.

आता मराठीचं, जे कुठल्याच गाईडमध्ये मिळत नाही. ज्या ऑफिसमध्ये वीस वर्षांचं मराठी टायपिंग पडून आहे, सोसायटी, पतसंस्था, शाळा, वकील, तिथे श्रीलिपी, कृतीदेव, आयएसएम च्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाईली असतात. पडद्यावर त्या मराठी दिसतात, पण फाईलच्या आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, मराठी फक्त फॉन्टमुळे दिसतं. तुम्ही युनिकोडमध्ये, म्हणजे आताच्या मोबाईल-कॉम्प्युटरवरच्या नेहमीच्या मराठी टायपिंगमध्ये, ठराव असं टाइप करून शोधलंत तर त्या फाईलीत ठराव हा शब्द कॉम्प्युटरच्या दृष्टीने नाहीच. खात्री करायची असेल तर एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा, गिचमीड दिसली की फाईल जुन्या फॉन्टची. शोधायचं असेल तर तीच गिचमीड सर्चमध्ये पेस्ट करून बघा, बऱ्याचदा काम होतं, चिन्हं जास्त असलेला शब्द टाळा. कायमचा उपाय म्हणजे कन्व्हर्टर वापरून युनिकोड करून घेणं, आणि कन्व्हर्ट केल्यावर जोडाक्षरं डोळ्यांनी तपासणं, कारण तिथे चुका राहतात.

युनिकोडमध्ये पण एक मेख आहे. शेतकऱ्यांची आणि शेतकर्‍यांची हे दोन शब्द दिसायला सारखेच, पण एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे आणि दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह आहे. कुठला कीबोर्ड वापरलाय त्यावर कुठलं उमटतं ते ठरतं. तसंच ॲग्रीमेंट आणि अ‍ॅग्रीमेंट. पहिल्यातलं ॲ हे एकच अक्षर युनिकोडमध्ये २००८ ला आलं, त्याआधी आणि नंतरही बरेच जण अ ला वरचा चंद्र जोडूनच लिहितात. ऑफिसात दोघं जण दोन वेगळे कीबोर्ड वापरत असतील तर एकाने ठेवलेली फाईल दुसऱ्याला सापडत नाही आणि दोघंही सर्चला दोष देतात. यावर उपाय म्हणजे वादाचं अक्षर येण्याआधीच थांबणं, शेतक एवढंच टाका, दोन्ही येतील. किंवा नावातला दुसरा शब्द टाका, भाडे, करार, जे असेल ते. आकड्यांचं पण तेच, २०२४ मराठी आकड्यात लिहिलेलं आणि इंग्रजी आकड्यात लिहिलेलं कॉम्प्युटर वेगवेगळं साठवतं, दोन्ही टाकून बघा. शब्दाच्या मधला भाग शोधायचा असेल तर पुढे-मागे स्टार लावा.

जुन्या पद्धतीच्या डेस्कटॉप आउटलुकमध्ये मेल सापडत नसतील तर तेही याच विंडोजच्या सूचीवर चालतं, वरचं रीबिल्ड करून बघा, आउटलुक बंद ठेवून नाही, उघडं ठेवून.

इतकं करूनही सर्च ठप्पच असेल तर विंडोजच्या फाईली तपासायच्या. स्टार्ट बटणावर राइट क्लिक, टर्मिनल ॲडमिन किंवा पॉवरशेल ॲडमिन. त्यात इंग्रजीत आधी डीआयएसएम, स्पेस, स्लॅश ऑनलाइन, स्पेस, स्लॅश क्लीनअप हायफन इमेज, स्पेस, स्लॅश रिस्टोअरहेल्थ, एंटर. याला नेट लागतं आणि मध्येच ते बराच वेळ एकाच टक्क्यावर थांबतं, बंद करू नका. ते झालं की एसएफसी, स्पेस, स्लॅश स्कॅननाउ. मग रीस्टार्ट. त्यानंतर एक नवीन युजर अकाउंट तयार करून त्यात सर्च चालतंय का बघा, हे दोन मिनिटांचं काम आहे पण फार मोठी गोष्ट कळते. नव्या अकाउंटमध्ये चाललं म्हणजे विंडोज धडधाकट आहे, तुमचं जुनं प्रोफाइल बिघडलंय, आणि डेटा नव्यात हलवून तुम्ही तिथेच राहू शकता.

काम अडलंय आणि फाईल आत्ता हवीये? एव्हरीथिंग नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, व्हॉइडटूल्सचं. ते विंडोजची सूची वापरतच नाही, एनटीएफएस (विंडोजच्या ड्राइव्हचा नेहमीचा प्रकार) ड्राइव्हवर फाईलींच्या नावांची जी मूळ नोंद असते ती थेट वाचतं, त्यामुळे डी असो ई असो, टाइप करता करता फाईल समोर येते. ॲपडेटा मध्ये हरवलेली पण सापडते. मी तर सगळ्यांना हे टाकूनच देते. फक्त ते मुख्यतः नावाने शोधतं, आतल्या मजकुरासाठी विंडोजचं सर्च दुरुस्त करावंच लागेल, आणि डाउनलोड त्यांच्या मूळ साइटवरूनच करा.

नव्या अकाउंटमध्ये पण चाललं नाही तरच विंडोज परत टाकायचा विचार, आणि तेव्हासुद्धा फॉरमॅट नाही. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी मध्ये विंडोज अपडेट वापरून दुरुस्त करा असा पर्याय आलाय, तो विंडोज नव्याने टाकतो पण फाईली, प्रोग्राम आणि सेटिंग तसेच ठेवतो. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे तिथे मशीन झेपत असेल तर ११ वर अपग्रेड करणं बरं, अपग्रेडमध्येही डेटा राहतो. दोन्ही करायच्या आधी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि टॅलीचं डेटा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, मराठी फॉन्टच्या फाईली पण घ्या, आणि ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावून दोन-चार फाईली उघडून बघा.